चहा देणारा स्वयंसेवक

संकटात सापडलेल्या माणसाजवळ जाऊन बसण्यास लायक कोण? ज्याच्यापाशी उत्तरे आहेत तो, असे आपण सहज म्हणतो. इंग्लंडमधील एका पाळकाचा अनुभव मात्र निराळा होता.

चॅड व्हारा यांनी १९३५ साली, सेवेच्या आरंभीच, एका १४ वर्षांच्या मुलीचा दफनविधी केला. मासिक पाळी सुरू झाली, तो काही लाजिरवाणा रोग आहे असे समजून तिने जीव दिला होता. ही गोष्ट व्हारांच्या मनातून गेली नाही. १९५३ साली लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी निराश लोकांसाठी टेलिफोनची सोय केली. तीच पुढे 'समॅरिटन्स' संस्था झाली.

आतल्या खोलीत व्हारा सल्ला देत. बाहेर थांबलेल्यांना स्वयंसेवक चहा देत व जवळ बसत. थोड्याच महिन्यांत दिसून आले की, पुष्कळांना आत जाण्याची गरजच उरत नाही. चहा देणाऱ्याने मनापासून ऐकले होते, तेवढ्याने ओझे हलके झाले होते.

अशा सेवकाला धीर हवा. ऐकलेले पोटात ठेवता यावे. 'जीव देण्याचा विचार मनात येतो का?' असे शांतपणे, सरळ विचारता यावे. विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. आपली मर्यादाही त्याने ओळखावी. धोका दिसताच त्या माणसाला एकटे न सोडता डॉक्टरांची मदत मिळवावी. आपल्या देशात २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

परंतु सर्वांत कठीण गुण पुढेच आहे. मदत मागणाऱ्यावर कोणी आपला धर्मविश्वास लादू नये, असा नियम या पाळकाने केला. माझ्यासारख्या उपदेशकाला तो बोचतो. हे मौन म्हणजे विश्वास लपविणे नव्हे काय?

ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने भुईवर बसले, तोवर ते मित्र होते. बोलू लागले आणि न्यायाधीश झाले. आपणही घाईने उत्तर देतो, तेव्हा बहुधा स्वतःचीच अस्वस्थता शमवीत असतो. दुसऱ्यासाठी ती अस्वस्थता सोसणे, हीदेखील विश्वासाचीच साक्ष आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, त्या मुलीला न लाजता प्रश्न विचारता येईल असे एक माणूस हवे होते. तशी मुलगी आपल्या वर्गात असेल, तर ती आपल्याकडे येईल काय?