हजेरीचें बक्षीस

जून महिन्याच्या मध्यास आपल्याकडील बहुतेक प्राथमिक शाळा उघडतात. पावसाळ्यांत मुलें अंगणांत रोपें लावितात, १५ ऑगस्ट रोजीं झेंड्यास वंदन करितात, आणि हिवाळ्यांत संमेलन भरून नियमित येणाऱ्या मुलास बक्षीस मिळतें. हें बक्षीस न्याय्य आहे काय?

बीड जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीकरितां पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्यांत परततात. त्यांचीं मुलें आषाढांत रोप लावितात. परंतु संमेलनाच्या दिवशीं तीं उसाच्या फडांत असतात. ह्यांत त्यांचा दोष कोणता? आणि जें मूल रोज शाळेंत येतें, त्याच्या येण्यांत त्याचा गुण किती व आईबापांचें सुदैव किती?

कोणी म्हणेल, बक्षीसच बंद करावें. आम्हांस तें पटत नाहीं. नियमितपणा हा सद्गुणच होय. मात्र तो ज्याच्या त्याच्या वाट्यास आलेल्या संधीवरून मोजावा. २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला, व सरकारनें अशा मुलांसाठीं हंगामी वसतिगृहेंही काढलीं. परंतु वर्गांतील न्याय शिक्षकाच्याच हातीं आहे. परतलेल्या मुलाची हजेरी तें आलें त्या दिवसापासून मोजावी. आणि जें मूल दूर गेलेल्या सोबत्याच्या रोपास उन्हाळाभर पाणी घालील, तें बक्षिसास अधिक पात्र आहे, असें आम्ही समजतों.