दयेकडून तरतुदीकडे

अपंगांना मदत करणे हे पुण्याचे काम, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की त्यात कुणाला काही खटकत नाही. तीनचाकी सायकलींचे वाटप, मागे बॅनर, पुढे फोटो. देणारा मोठा, घेणारा आभारी. १९९५च्या कायद्याने या नात्याला पहिला धक्का दिला आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून २१ केले, आरक्षण ४ टक्क्यांवर नेले. कागदावर दया संपली, हक्क आला.

पण हक्काला पैसा लागतो. महाराष्ट्राच्या राजकारणात हे सर्वांत मोठ्या आवाजात मांडले ते बच्चू कडूंनी. २००४पासून चार वेळा ते अचलपूरचे आमदार झाले. अपंगांसाठी राखून ठेवलेला निधी खर्च का झाला नाही, हा त्यांचा सवाल. २०१७मध्ये याच सवालावरून नाशिक महापालिकेत आयुक्तांवर हात उगारल्याच्या प्रकरणात पुढे न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली. हात उगारणे मला मान्य नाही. पण निधी वर्षानुवर्षे पडून राहणे हाही अन्यायच आहे, हे त्याआधी किती जणांना बोचत होते? डिसेंबर २०२२मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. २०२४मध्ये कडू निवडणूक हरले. तरी जून २०२५मध्ये शेतकरी कर्जमाफीबरोबरच दिव्यांगांच्या मानधनासाठी अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीत उपोषणाला बसले. त्यानंतर दीड हजारांचे मानधन अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. वाटपाची भाषा मागे पडून अंदाजपत्रकाची भाषा आली, हे या सगळ्यातले मोल.

आता हक्काची ही कल्पना पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत तपासून पाहा. तालुका एकच. एका टोकाला हिंजवडीच्या कंपन्यांच्या लिफ्ट आणि काचेची दारे, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या पावसातल्या वाड्या. तिथल्या पोलिओ झालेल्या माणसाला प्रमाणपत्र हवे असेल तर औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून गाठावे लागते. कॅलिपर लावलेला पाय एसटीच्या उंच पायरीवर चढत नाही. आधी कुबडी वर टाकायची, मग दांडा धरून अंग ओढायचे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पौडची खेप वेगळीच. त्याच्या नावे मुंबईत विभाग आहे, पण ती पायरी तेवढीच उंच आहे.

म्हणून मला वाटते, कडूंचा सवाल विधानसभेपेक्षा गावच्या चावडीवर जास्त शोभतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, आणि त्याचा हिशेब मागायला आमदार असावे लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत उठा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा: गेल्या वर्षी ते ५ टक्के किती झाले, आणि कुणावर खर्च झाले?