जामीन

औंधला मी अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट दरवर्षी सांगायचो. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये बढती डावलली म्हणून त्यांनी नोकरी सोडली. पुढं बेळगावात लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. शेवटी बेळगावची जागाही सोडावी लागली. ‘मुलांनो, याला जिद्द म्हणतात,’ असं म्हणून मी खडू खाली ठेवायचो.

गोष्ट खरी होती, पण मी ती अर्धीच सांगत होतो, हे आता कळतं. भाऊ रामुअण्णा बेळगावचं सायकलचं दुकान सांभाळत होते, हे मी कधी ठासून सांगितलं नाही. १९१० साली आमच्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला आणि वर १०,००० रुपये कर्जाऊ दिले, ते मी राजाचा मोठेपणा म्हणून एका वाक्यात उरकायचो. नांगर खपत नसलेल्या माणसावर कुणीतरी पैसे लावले, हे मुलांना कधी म्हणालो नाही.

माझा पुतण्या याच वर्गात बसायचा. आयटीआय झाल्यावर त्याला मोटार रिवाइंडिंग आणि पंपदुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. विहिरींवरच्या मोटारी जळाल्या की आसपासची माणसं त्यालाच बोलवायची. हात चांगला होता. बँकेला जामीन हवा होता. ‘काका, तुम्ही सही कराल का?’ त्यानं विचारलं. मी म्हणालो, ‘आधी कुठं तरी चिकट. अनुभव घे, मग बघू.’ माझी फंडाची रक्कम ठेवीत होती. दुकान बुडालं तर घरात काय सांगू, गाव काय म्हणेल, एवढंच माझ्या मनात होतं. त्याचं काम मी एकदाही जाऊन पाहिलं नाही.

आइझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९१ साली मांडलं, की माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो: ते काम त्याला स्वतःला कसं वाटतं, जवळच्यांना काय वाटतं, आणि आपल्याला ते जमेल हा भरवसा. उद्योगाच्या इराद्यालाही अभ्यासक हेच लावतात. वाचताना मी दुसऱ्या गोष्टीपाशी अडलो. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक मी बाहेर शोधत होतो. पुतण्यासाठी ते लोक मीच होतो. आणि माझ्या नकारानं तिसरी गोष्टही ढासळली: गुरुजींनाच भरवसा नाही म्हटल्यावर त्यानं तो कुठून आणायचा?

आटपाडी-खानापूरकडची पोरं गलाईच्या धंद्यात देशभर गेली. ती जन्मानं आमच्यापेक्षा धाडसी नव्हती. परमुलखात मामाचं, चुलत्याचं नाहीतर गाववाल्याचं दुकान असायचं. तिथं राहायचं, सोनं-चांदी गाळायला शिकायचं आणि मग आपली भट्टी मांडायची. आटपाडीही जुन्या औंध संस्थानातलीच. उदाहरण माझ्याच मुलखात होतं.

मी पुतण्याला जपलं, असं वर्षानुवर्षं म्हणत आलो. ते खोटं आहे. मी माझी ठेव जपली.

तो पुढं चाकणला नोकरीला लागला. गेल्या महिन्यात त्याला तिकडं फोन केला. म्हटलं, अजून मनात असेल तर मी सही करतो. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘काका, आता फ्लॅटचे हप्ते चालू आहेत.’