निराशेतील भरवसा

ख्रिस्ती विश्वास म्हणजे संकट टळण्याची हमी नव्हे. संकटातही देव साथ सोडत नाही, हा भरवसा होय. म्हणूनच बायबलमध्ये गाऱ्हाण्यालाही प्रार्थनेचे स्थान आहे. तेरावे स्तोत्र देवाला जाब विचारत सुरू होते आणि स्तुतीत संपते. अठ्ठ्याऐंशीवे शेवटपर्यंत अंधारातच राहते, तरी हाक देवालाच मारते. हाच भरवसा समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातही दिसतो. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले, १८८२ मध्ये पती आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. तरीही १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतरात गढलेल्या होत्या. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, मलकापूर भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही आजारपणात वा नापिकीत खचलेल्या कुटुंबासाठी एकत्र प्रार्थना होते. खचणे हा अविश्वास नव्हे. त्या अवस्थेतही देवाशी बोलत राहणे हाच विश्वास.