उडालेली वासना

अन्न नकोसे झाले, की 'वासनाच उडाली' असे आपण म्हणतो. भुकेला आणि हावेला आपल्या भाषेने एकच शब्द दिला, आणि पुढचा सारा घोटाळा तिथून सुरू झाला.

माझ्या धाकट्या बहिणीची वासना आठवड्याच्या एका टोचणीने उडाली. औषधाचे नाव सेमाग्लुटाइड. वजन उतरवण्यासाठी ते आपल्याकडे २०२५ साली आले. जेवल्यावर आतड्यातून जो स्राव मेंदूला 'पुरे' असे कळवतो, त्याची ही नक्कल. पोटही सावकाश रिते होते. आरंभी तिला फार मळमळे. तेही तिने सोसले. "अरे दादा," ती सांगते, "डब्यात किती चकल्या उरल्यात, हे मला झोपेतही ठाऊक असे. आता डबा म्हणजे नुसता डबा!"

शेजारी म्हणतात, यात हिचा संयम कुठला? सारा सुईचा पराक्रम! हा न्याय मला उफराटा वाटतो. दोन पुऱ्यांत ज्यांचे भागते (मीही त्यांतलाच), त्यांनी तरी कोणते तप केले? त्यांच्या आतड्याने निरोप वेळेवर धाडला, इतकेच. खरा संयम तिचा पूर्वीचा. वीस वर्षे ती त्या डब्याशी झगडली. अंगावर तो दिसला नाही, म्हणून कोणी शाबासकी दिली नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत औषध थांबवल्यावर उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात परतले होते. म्हणजे भूक तेवढी बदलते, स्वभाव नव्हे.

एक गोष्ट मात्र मला सलते. गेल्या दिवाळीत तिने आईच्या हातची करंजी अर्धीच खाल्ली. "चव कळते रे, पण ओढ नाही," म्हणाली. आईने उरलेली अर्धी वाटीखाली झाकून ठेवली. रात्री पाहिली, तर तशीच होती.