बाण कोणी मारला?

मज्झिम निकायातल्या चूळमालुंक्य सुत्तात एक दृष्टान्त आहे. एकाला विषारी बाण लागतो. नातलग वैद्याला बोलावतात, पण तो अडून बसतो: मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, काळा की सावळा, कोणत्या गावचा, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. बुद्ध म्हणतात, हे कळायच्या आत तो मरून जाईल. पाली शिकवताना हे सुत्त मला दरवर्षी घ्यावं लागतं, आणि त्या माणसाच्या पहिल्याच प्रश्नाशी मी थांबते. कारण तो प्रश्न मलाही पडलेला आहे.

माझे आईवडील ऊसतोड कामगार. बीड जिल्ह्यातलं आमचं गाव दिवाळीच्या सुमाराला निम्मं ओस पडायचं. मुकादमाची उचल घेतली की ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. धाकट्या भावाला सांभाळायला मीही फडावर जायचे, पाचटाच्या कोपीत राहायचे. परत यावं तर पटावर नाव असायचं, पण पुस्तक निम्म्याच्या पुढे गेलेलं. सातवीपासून आज्जीनं मला गावात ठेवून घेतलं, म्हणून शिक्षण टिकलं.

शाळेत मागासवर्गीय शिष्यवृत्तीची यादी मोठ्यानं वाचायचे. नाव आलं की उभं राहायचं. एकदा गुरुजींनी विचारलं, "सरकार पैसे देतंय, मग तुझ्या बापाला ऊस कशाला तोडावा लागतो गं?" वर्ग हसला. बस असं कोणी म्हटलं नाही, म्हणून तास संपेपर्यंत मी उभीच राहिले. पुढे एम.ए.लासुद्धा हजेरीत माझं नाव जवळ आलं की तळहात घामानं ओले व्हायचे. तोंडी परीक्षेत उत्तर येत असून आवाज फुटायचा नाही.

एका शिबिरात मी हे बोलले. तिथल्या उपदेशकांनी मला संयुत्त निकायातलं सल्ल सुत्त सांगितलं. पहिला बाण देहाला लागतो, दुसरा मनाला. अज्ञानी माणसाला दोन्ही लागतात, ज्ञानी श्रावकाला एकच. "ताई, दुसरा बाण आपणच स्वतःला मारून घेतो," ते म्हणाले. मायेनं म्हणाले, आणि त्यांनी शिकवलेल्या साधनेनं माझा थरकाप खरोखर कमी झाला. ते ऋण मी मानते. पण त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. त्या वर्गात माझ्या देहाला कोणी बोट लावलं नव्हतं. जातीचा आणि गरिबीचा बाण पहिल्यापासून मनावरच नेम धरून मारलेला असतो. बारा वर्षांच्या पोरीची लाज तिच्या अज्ञानातून आली म्हणायची, तर यादी वाचणारा आपोआप सुटतो.

वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात. आठवीनंतर ते वाचन माझ्याकडे आलं. माय शेवटच्या रांगेत बसून ऐकायची. तिला अक्षरओळख नाही. हा बाबासाहेब आंबेडकरांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात, 1957 साली आला. त्यात ते थेट परंपरेलाच प्रश्न करतात. जन्मच दुःख असेल तर माणसाला आशा कुठली? आणि आजचे भोग मागल्या जन्मीच्या कर्माचे असतील, तर अन्याय करणारा कोणी उरतच नाही. ज्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत स्वतःचं गोणपाट घरून आणून त्यावर वेगळं बसावं लागलं, त्याला हा प्रश्न पडणारच. माणूस माणसाला जे दुःख देतो ते त्यांनी धम्माच्या मध्यभागी आणून ठेवलं.

सत्कारात लोक म्हणतात, कष्टांनीच तुम्हाला घडवलं. मला हे ऐकवत नाही. माझ्या शेजारी बसणारी मुलगी गणितात माझ्याहून कितीतरी हुशार होती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, जोडीला उचल मिळते. म्हणून नववीनंतर तिचं लग्न लावून दिलं. आजही ती फडावर आहे. तेच कष्ट, तीच जात, तीच शाळा. त्या कष्टांनी तिला काय घडवलं? बुद्धांनी देह झिजवणारी तपश्चर्या वर्षानुवर्षं केली, तिच्यातून ज्ञान मिळत नाही हे ओळखलं, आणि सुजाताची खीर घेतली. यातना सोसल्यानं माणूस मोठा होतो असं म्हणणाऱ्यांनी ती खीर आठवावी.

मग बाणाच्या दृष्टान्ताचं काय? जग शाश्वत आहे का, या मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर होतं. जातीचा प्रश्न आला तेव्हा बुद्ध टाळत नाहीत. वासेट्ठ सुत्तात गवत, किडे, पक्षी यांच्यात जातींच्या खुणा आहेत, माणसांत नाहीत, हे ते सविस्तर मांडतात. बाण आधी काढावा, यात मला शंका नाही. विद्यार्थिनी रडत आली की मी तिला आधी जेवायला घालते, झोपायला सांगते, अडकलेला फॉर्म भरून देते. पण ती वाचल्यानंतर? धनुष्य घेतलेला माणूस अजून तिथेच उभा असतो, आणि तिची धाकटी बहीण त्याच वर्गात जायची असते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला तक्रार लिहायला बसवते, नावासकट.

आणि वर्गात चूळमालुंक्य सुत्तानंतर मुक्ता साळवेचा निबंध वाचायला देते. फुल्यांच्या शाळेतली 14 वर्षांची मांग मुलगी. 1855 साली तो 'ज्ञानोदया'त छापला गेला. आमचा धर्म कोणता, असं ती देवालाच विचारते, आणि आम्हाला कोणी छळलं तेही सांगते.