कुंभाराच्या घरी, वैयाकरणाच्या घरी

म्हैसूरच्या गोकुलम भागात अष्टांग योग शिकायला जगभरातून माणसे येतात. के. पट्टाभि जोइस यांनी लक्ष्मीपुरममधली आपली योगशाळा २००२मध्ये इथे आणली. आसनांआधी हात जोडून एक संस्कृत प्रार्थना म्हणायची तिथली पद्धत आहे. तीत पतंजलींना वंदन असते. म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांना संस्कृत येत नाही. मग त्यांच्या तोंडच्या शब्दांना अर्थ असतो का?

वाद फार जुना आहे. वेदमंत्रांना अर्थच नसतो, हे कौत्साचे मत यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांची उकल करणाऱ्या ग्रंथात नोंदवले आणि हिरिरीने खोडूनही काढले. अर्थ न जाणता वेद पाठ करणारा म्हणजे भार वाहणारा नुसता खांब, इतक्या कठोरपणे तिथे म्हटले आहे. हा बोल आपल्यालाही लागू आहे. मंत्रपुष्पांजली आपण दर गणेशोत्सवात म्हणतो. पण तीत समुद्रापर्यंतच्या पृथ्वीवर एकछत्री राज्याची कामना आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

तरीही यास्काचा निवाडा मला अपुरा वाटतो. मंत्रपुष्पांजली कानी पडताच आता फुले वाहायची, हे लहान मुलालाही कळते. हे कळणेसुद्धा अर्थाचेच कळणे आहे. आणि त्याला आधार सापडतो तो पतंजलींकडेच, मात्र व्याकरणावरचे महाभाष्य लिहिणाऱ्या. परंपरा योगसूत्रकार आणि महाभाष्यकार एकच मानते, बहुतेक संशोधक वेगळे. महाभाष्यकारांचा काळ रा. गो. भांडारकरांनी १८७२मध्ये इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाचा मध्य असा ठरवला.

महाभाष्याच्या आरंभीच्या पस्पशाह्निकात पतंजली सांगतात : घडा हवा असलेला माणूस कुंभाराच्या घरी जाऊन ‘घडा कर’ म्हणतो, शब्द वापरायचे म्हणून वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘शब्द कर’ असे कोणी म्हणत नाही. शब्द आणि अर्थ यांचे नाते लोकांच्या व्यवहारात आधीच सिद्ध असते. शास्त्रावर आयुष्य वेचलेल्या माणसाने शास्त्राची मर्यादा इतक्या मोकळेपणी सांगावी, याचे मला फार मोल वाटते.

व्यवहार तरी काय शिकवतो? ‘गाय आण’ म्हटल्यावर येते ती समोरची एक गाय. व्याडी या जुन्या वैयाकरणाच्या मते शब्दाचा अर्थ तीच वस्तू. दुसरा वैयाकरण वाजप्यायन म्हणतो, अर्थ म्हणजे साऱ्या गाईंतले सारखेपण, एरवी उद्या भेटणाऱ्या नव्या गाईला आपण गाय का म्हणावे? पतंजली दोन्ही पक्ष सविस्तर मांडतात. माझा कल वाजप्यायनाकडे आहे, कारण न पाहिलेल्या वस्तूबद्दलही आपण बोलू शकतो.

पण व्यवहारावर विसंबून पतंजली थांबत नाहीत. न समजता म्हटलेले पाठांतर अग्नीवाचून पडलेल्या कोरड्या सरपणासारखे, असेही पस्पशाह्निकातच आहे. गोकुलममधल्या प्रार्थनेला सवयीने आलेला अर्थ खरा आहे; जिला वंदन करतो ती व्यक्ती कोण, हे विचारण्याचे काम त्याने सुटत नाही. मराठी वाचकाला तर ते सोपे आहे. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्य मराठीत आणून ठेवले आहे, आणि पस्पशाह्निक त्याच्या पहिल्याच पानांत भेटते.